बंद संगणकाला दुरून जाग : 'वेक-ऑन-लॅन' तंत्राचा आढावा

घराबाहेर असताना घरातील बंद संगणक चालू करून त्यावर काम करता यावे, ही गरज आता संगणक-व्यावसायिकांपुरती उरलेली नाही. प्रबंधाची सगळी सामग्री घरच्या डिस्कवर ठेवून बाहेरगावी गेलेला संशोधक असो, जड चित्रफितींचे संपादन घरच्या ताकदवान यंत्रावर सोपवून हलका लॅपटॉप घेऊन फिरणारा छायाचित्रकार असो, किंवा परदेशातून पुण्या-नाशिकच्या घरातील आईवडिलांच्या संगणकाची देखभाल करणारा मुलगा असो, या सर्वांना सुचणारे पहिले दोन मार्ग म्हणजे यंत्र अहोरात्र चालू ठेवणे किंवा घरातल्या कुणाला तरी फोन करून बटण दाबायला सांगणे. काम नसताना ५० वॅट वीज घेणारा संगणक महिनाभर चालू राहिला, तर ३६ युनिट खर्ची पडतात. तोच संगणक बंद अवस्थेत २ वॅट घेत राहिला, तर हा आकडा दीड युनिटापर्यंतही जात नाही. घरात कुणी नसेल, तर फोनचा मार्ग आपोआप मिटतो. तिसरा मार्ग म्हणजे जाळ्यावरून संदेश पाठवून बंद यंत्र जागे करणे. या तंत्राला 'वेक-ऑन-लॅन' म्हणतात. ते पंचवीस वर्षांहून अधिक काळ बाजारात आहे आणि त्याची सोय टेबलावरच्या बहुतेक संगणकांत असते. तरीही घरगुती वापरात त्याची ख्याती बेभरवशाचे तंत्र अशीच आहे. बंद यंत्राला संदेश कळतो कसा आणि तो संदेश घराबाहेरून आत पोहोचतो कसा, हे दोन अगदी निराळे प्रश्न एकच समजले जातात, हे या अपकीर्तीचे मुख्य कारण होय. पहिला प्रश्न १९९० च्या दशकातच सुटला. दुसरा त्या तंत्राच्या कक्षेत कधी नव्हताच.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वीजपुरवठ्यात आहे. जुन्या 'एटी' पद्धतीच्या संगणकात समोरचे बटण विजेचा प्रवाह प्रत्यक्ष तोडत असे, त्यामुळे बंद संगणक खरोखरच निर्जीव असे आणि त्याला बाहेरून जागे करण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या 'एटीएक्स' रचनेने ही स्थिती पालटली. या रचनेत पॉवर सप्लाय भिंतीवरच्या सॉकेटला जोडलेला असेपर्यंत ५ व्होल्टचा एक लहानसा राखीव पुरवठा मदरबोर्डला अखंड देत राहतो, आणि समोरचे बटण वीज तोडण्याऐवजी मदरबोर्डला केवळ इशारा देते. तो इशारा मिळाल्यावर मदरबोर्ड मुख्य पुरवठा सुरू करण्याची आज्ञा पॉवर सप्लायला देतो. बटणाचे काम असे इशाऱ्यापुरते उरल्यावर तोच इशारा दुसऱ्या कुणाकडून, म्हणजे घड्याळाकडून, कीबोर्डकडून, मोडेमवर वाजणाऱ्या फोनच्या घंटीकडून किंवा नेटवर्क कार्डाकडून येण्यास तांत्रिक अडसर राहिला नाही. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी प्रसिद्ध केलेल्या 'एसीपीआय' या प्रमाणकाने या अवस्थांना क्रमांक दिले. त्यांपैकी 'एस३' म्हणजे स्मृती तेवढी जिवंत ठेवून घेतलेली झोप, 'एस४' म्हणजे स्मृतीतील मजकूर डिस्कवर लिहून घेतलेली दीर्घ झोप आणि 'एस५' म्हणजे राखीव पुरवठा तेवढा शिल्लक असलेली बंद अवस्था. सॉकेटच बंद झाला की या तिन्हींच्या पलीकडची अवस्था येते, आणि तेथून कोणतेही जाळे संगणकाला उठवू शकत नाही.

संदेशाचे स्वरूप ठरवण्याचे श्रेय एएमडी आणि ह्यूलेट-पॅकार्ड या कंपन्यांना जाते. एएमडीने नोव्हेंबर १९९५ मध्ये 'मॅजिक पॅकेट' या नावाने त्याचे टिपण प्रसिद्ध केले, आणि पुढे इंटेल व आयबीएम यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या आघाडीने १९९७ मध्ये 'वेक-ऑन-लॅन' हे नाव रूढ केले. त्यांचा हेतू घरगुती नव्हता. कार्यालयातील शेकडो संगणक रात्री उठवून त्यांवर सुधारणा चढवाव्यात आणि सकाळी कर्मचारी येण्यापूर्वी ते तयार असावेत, ही त्यामागची कल्पना होती. हा मूळ हेतू ध्यानात ठेवला की या तंत्राच्या पुष्कळशा मर्यादा समजतात, कारण पाठवणारा आणि झोपलेला हे दोघेही एकाच इमारतीच्या, एकाच विश्वासू जाळ्यात आहेत, असे त्यात गृहीत धरलेले होते. आरंभी नेटवर्क कार्डापासून मदरबोर्डपर्यंत तीन तारांची एक बारीक केबल वेगळी जोडावी लागे. पीसीआय प्रमाणकाच्या २.२ या आवृत्तीने राखीव वीज आणि जागवण्याचा इशारा हे दोन्ही खाचेतूनच नेण्याची सोय केल्यावर ही केबल हळूहळू नाहीशी झाली.

मॅजिक पॅकेटची रचना जवळून पाहण्याजोगी आहे. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा म्हणजे ६ बाइटांचा एक ओळख-क्रमांक दिलेला असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. त्याचा पूर्वार्ध उत्पादक कंपनी दर्शवतो आणि उत्तरार्ध त्या कार्डाची स्वतंत्र ओळख. मॅजिक पॅकेटमध्ये आरंभी सर्व बिट १ असलेले ६ बाइट असतात आणि त्यांच्यामागून ज्या कार्डाला उठवायचे, त्याचा मॅक पत्ता सोळा वेळा लागोपाठ येतो. सहा आणि सोळा गुणिले सहा मिळून १०२ बाइट झाले की संदेश पुरा होतो. त्यात ना आज्ञा असते, ना पाठवणाऱ्याचे नाव. झोपलेल्या संगणकाचा मुख्य प्रोसेसर बंद असतो, म्हणून इंटरनेटचे नियम समजून घेणारी कोणतीही प्रणाली त्या वेळी काम करत नसते; कार्डावरील एक अगदी साधे परिपथ येणारा प्रत्येक बाइट तपासत राहते, आणि तो सहा बाइटांचा संकेत व त्यापुढे आपलाच पत्ता सोळा वेळा आढळला की जागवण्याचा इशारा देते. हा नमुना पॅकेटच्या कोणत्याही भागात असला तरी चालतो, म्हणूनच तो यूडीपी या साध्या वाहक-पद्धतीच्या ७ किंवा ९ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवण्याची रीत पडली असली, तरी त्या पोर्टवर कुणी ऐकत बसलेले नसते. पत्ता सोळा वेळा पुन्हा लिहिण्याचा फायदा असा की, इतर वाहतुकीत असा नमुना योगायोगाने उमटणे जवळजवळ अशक्य होते आणि ओळखणारे परिपथ मात्र स्वस्त राहते. अवघ्या काही पैशांच्या सिलिकॉनमध्ये मावणारी आणि इतकी वर्षे न बदललेली ही रचना संगणक-अभियांत्रिकीतील काटकसरीचा उत्तम नमुना मानावी लागेल.

हीच काटकसर तिचा मोठा दोषही आहे. मॅक पत्ता गुप्त नसतो, तो स्थानिक जाळ्यावरील कोणालाही दिसतो, आणि पॅकेटमध्ये खरेखोटे पारखण्याची सोय नाही. पुढे 'सिक्युअरऑन' या नावाने ६ बाइटांचा संकेतशब्द जोडण्याची सोय काही कार्डांत आली. पण तो संकेतशब्द उघडाच प्रवास करतो, म्हणजे वाहतूक पाहणाऱ्याला तो सहज टिपता येतो, आणि सर्व कार्डे त्याला साथही देत नाहीत. नुसते जागे झाल्याने यंत्राचे काय बिघडते, असा प्रश्न येथे विचारला जाईल. त्याचे उत्तर 'र्‍यूक' या खंडणीखोर आज्ञावलीने दिले. तिच्या नमुन्यांचा जो अभ्यास जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार ती एका संगणकात शिरल्यावर त्याच्या स्मृतीतील शेजारी यंत्रांच्या पत्त्यांची यादी वाचत असे, त्या यंत्रांना मॅजिक पॅकेट पाठवून उठवत असे आणि जागी झालेल्या यंत्रांच्या डिस्कही कुलूपबंद करू पाहत असे. बंद यंत्र हे सुरक्षित यंत्र, ही समजूत या तंत्राने कायमची मोडली आहे.

तरीही घरगुती वापरकर्त्याची पहिली निराशा सुरक्षेतून येत नाही. ती येते यंत्र उठतच नाही यातून, आणि तेव्हा दोष बहुधा पॅकेटचा नसतो. मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना प्रथम चालणाऱ्या प्रणालीत, ही सोय निरनिराळ्या नावांनी दडलेली असते: कुठे 'रिझ्यूम बाय लॅन', कुठे 'पॉवर ऑन बाय पीसीआय-ई'. त्याच पानावर 'ईआरपी' नावाचा आणखी एक पर्याय आढळतो. युरोपीय संघाच्या १२७५/२००८ या नियमाने घरगुती व कार्यालयीन उपकरणांच्या बंद अवस्थेतील वीजवापरावर २०१० पासून १ वॅटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली, आणि ती पाळण्यासाठी मदरबोर्ड-उत्पादकांनी राखीव पुरवठा जवळपास पूर्ण तोडण्याची ही सोय दिली. 'ईआरपी' चालू असेल, तर कार्डाला वीजच मिळत नाही आणि बाकीची सारी मांडणी व्यर्थ ठरते. ऊर्जाबचतीचा नियम योग्यच होता. पण त्याचा हा परिणाम वापरकर्त्याला कोणत्याही पडद्यावर स्पष्ट शब्दांत सांगितला जात नाही, ही उत्पादकांची उणीव आहे.

दुसरा अडथळा कार्यप्रणालीचा आहे. मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' ही पद्धत आणली, तिच्यात 'शट डाउन' म्हटल्यावर यंत्र पूर्ण बंद न होता प्रणालीचा गाभा डिस्कवर लिहून एका मिश्र अवस्थेत जाते. या अवस्थेत, तसेच पूर्ण बंद अवस्थेतही, विंडोज स्वतःहून कार्डाला जागवण्यासाठी सज्ज ठेवत नाही. बंद केलेल्या यंत्राने वीज खाऊ नये अशी लोकांची अपेक्षा असते, हे कारण कंपनीने त्यासाठी दिले आहे. काही मदरबोर्ड आणि कार्डांचे ड्रायव्हर आपल्या जोरावर कार्ड सज्ज ठेवतात, म्हणून एकाच्या घरी हे चालते आणि दुसऱ्याच्या घरी चालत नाही. यंत्र बंद करण्याऐवजी झोपवून म्हणजे 'स्लीप'मध्ये ठेवणे आणि फास्ट स्टार्टअप काढून टाकणे, हा त्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय होय. नेटवर्क कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' पानावर केवळ मॅजिक पॅकेटनेच जागे होण्याची खूण करणेही तितकेच गरजेचे, नाहीतर राउटरच्या साध्या चौकशीनेही यंत्र रात्री-अपरात्री उठून बसते. लिनक्समध्ये 'ईथटूल' या आज्ञेने हीच खूण करता येते, परंतु ती दर वेळी यंत्र सुरू होताना पुन्हा लागू होईल अशी तजवीज ठेवावी लागते.

भारतीय घरात आणखी एक अडथळा येतो, आणि परदेशी मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेखही सापडत नाही. येथे प्रत्येक सॉकेटशेजारी स्वतंत्र बटण असते आणि काम संपले की बोर्डावरचे बटण बंद करणे, ही लहानपणापासून अंगवळणी पडलेली चांगली सवय मानली जाते. ते बटण बंद झाले की ५ व्होल्टचा राखीव पुरवठाही जातो. वीज जाऊन परत आल्यावर अडचण याहून सूक्ष्म असते: कार्डाला सज्ज करण्याचे काम पुष्कळ यंत्रांत बंद होतानाच्या क्षणी ड्रायव्हर करतो, त्यामुळे मधे पुरवठा पूर्ण तुटला की परत आलेली वीज कार्डाला मिळते खरी, पण मॅजिक पॅकेटची वाट पाहायची आहे हे त्याला ठाऊक नसते. ग्रामीण महाराष्ट्रातील भारनियमन असो की पावसाळ्यात शहरात होणारा खंड असो, त्यानंतर संगणक उठेनासा होतो तो यामुळे. यूपीएस हा त्यावरचा अर्धाच उपाय आहे, कारण राउटर आणि इंटरनेटची पेटी हीही त्याच यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर नसेल, तर संदेश घरापर्यंत पोहोचतच नाही.

संदेश घरापर्यंत पोहोचवण्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळले, की हे तंत्र आपल्या मूळ गृहीतकाबाहेर पडते. झोपलेल्या यंत्राला आयपी पत्त्यावरून हाक देता येत नाही, म्हणून मॅजिक पॅकेट सहसा जाळ्यावरील सर्वांना उद्देशून पाठवले जाते, आणि अशी सर्वांना उद्देशून केलेली घोषणा राउटर आपल्या सीमेपलीकडे जाऊ देत नाही. बाहेरून आत अशी घोषणा करण्याची सोय आरंभीच्या राउटरांत होती. परंतु एका पॅकेटला शेकडो यंत्रांकडून उत्तरे उपटून ती एखाद्या बळीवर सोडण्याचे 'स्मर्फ' नावाचे हल्ले १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाढले, तेव्हा ऑगस्ट १९९९ मधील 'आरएफसी २६४४' या दस्तऐवजाने राउटरांनी ही सोय मुळातच बंद ठेवावी, असे ठरवून दिले. तो निर्णय रास्त होता आणि आजही आहे.

त्यावर लोकांनी काढलेली पळवाट म्हणजे राउटरवर एक पोर्ट उघडून बाहेरचे पॅकेट थेट संगणकाच्या आयपी पत्त्याकडे वळवणे. ही पळवाट पहिल्या दिवशी चालते आणि दुसऱ्या दिवशी चालत नाही, हा अनुभव फार सार्वत्रिक आहे. त्याचे कारण असे की, आयपी पत्त्याशी कोणता मॅक पत्ता जुळतो याची नोंद राउटर एका तात्पुरत्या सारणीत ठेवतो, तिला एआरपी सारणी म्हणतात. संगणक नुकताच झोपला असेल, तर नोंद शिल्लक असते आणि पॅकेट पोहोचते, काही मिनिटांनी नोंद पुसली जाते, राउटर "हा पत्ता कुणाचा?" अशी चौकशी करतो, झोपलेले यंत्र बहुधा उत्तर देत नाही आणि पॅकेट टाकून दिले जाते. झोपेतही अशा चौकशीला उत्तर देणारी कार्डे आहेत, राउटरमध्ये ही नोंद कायमची करून ठेवण्याची सोयही क्वचित असते. तरी या वाटेने जाऊ नये, असाच सल्ला द्यावा लागतो, कारण ज्या संदेशात ओळख पटवण्याची सोयच नाही, त्याच्यासाठी घराचे दार इंटरनेटकडे उघडे ठेवणे हे कोणत्याही सोयीच्या मोलाने परवडणारे नाही.

भारतातील बहुसंख्य घरांत हे दार उघडण्याचा अधिकार वापरकर्त्याकडे उरलेलाच नाही. जुन्या पद्धतीच्या, ३२ बिटांच्या आयपी पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचा मोकळा साठाही अखेरच्या राखीव गटापर्यंत आला. परिणामी सेवादार एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून देऊ लागले. एप्रिल २०१२ मध्ये तर अशा वाटपासाठी १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारे पत्ते वेगळे काढून ठेवण्यात आले. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता या मालिकेतील दिसला, तर घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही, असे निश्चित समजावे. मग राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरचे पॅकेट सेवादाराच्या यंत्रापाशीच थांबते. जास्त पैसे भरून स्थिर पत्ता घेता येतो, पण नुसता संगणक उठवण्यासाठी तो घेणे वायफळ होय. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्त्यांची टंचाई नाही आणि जिओच्या मोबाइल सेवेने २०१६ पासून तिचा भारतात झपाट्याने प्रसार केला. तथापि झोपलेल्या यंत्राचा मॅक पत्ता शोधण्याची अडचण तेथेही तशीच राहते आणि राउटरची तटबंदीही असतेच.

या सगळ्यांतून निघणारी वाट अशी की, घरात जे यंत्र एरवीही चालू असते, त्याच्याकडूनच मॅजिक पॅकेट पाठवून घ्यावे. असे यंत्र म्हणजे राउटर, घरगुती साठवण-पेटी किंवा काही वॅट वीज घेणारा रास्पबेरी पाय यांसारखा लहान संगणक. काही राउटरांच्या नियंत्रण-पानावरच घरातील यंत्र निवडून जागे करण्याचे बटण असते. बाहेरून या चालू यंत्रापर्यंत येण्यासाठी व्हीपीएन, म्हणजे दोन ठिकाणांमधील सांकेतिक बोगदा, वापरावा. 'वायरगार्ड' ही त्यासाठीची आटोपशीर पद्धत मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत समाविष्ट झाली, आणि तिच्यावर उभारलेल्या 'टेलस्केल'सारख्या सेवा घरातून बाहेरच्या दिशेने जोडणी करत असल्याने सार्वजनिक पत्ता वाटून घेतलेल्या घरांतही चालतात. व्हीपीएन बहुधा सर्वांना उद्देशून केलेली घोषणा पलीकडे नेत नाही, म्हणून दूरच्या लॅपटॉपवरून मॅजिक पॅकेट पाठवण्यापेक्षा आधी लहान संगणकात शिरून तेथे 'वेकऑनलॅन' ही आज्ञा द्यावी, हे अधिक खात्रीचे. ओळख पटवण्याचे काम बोगद्याकडे आणि जागवण्याचे काम जुन्या पॅकेटकडे, अशी वाटणी झाली की १९९५ च्या रचनेतील उणीव घराच्या चार भिंतींत बंदिस्त होते. प्रस्तुत विषयावरील सर्व पर्यायांत हा निःसंशय श्रेष्ठ ठरतो.

इतर पर्यायांचा थोडक्यात विचार पुरेसा आहे. वायफायवरून जागवण्याची सोय काही लॅपटॉपांत असते, परंतु ती झोपेपुरतीच चालते आणि तिच्यावर विसंबण्याऐवजी केबल ओढावी. ॲपलने २००९ च्या 'स्नो लेपर्ड' प्रणालीत आणलेला 'स्लीप प्रॉक्सी' हा मात्र कल्पक उपाय होता: झोपणारा मॅक आपल्या सेवांची यादी घरातील जाग्या उपकरणाकडे सोपवतो, आणि कुणी त्यांपैकी एखादी सेवा मागितली की ते उपकरण मॅकला उठवते. 'वीज परत येताच चालू हो' असे बायोसला सांगून स्मार्ट प्लगने पुरवठा बंद-चालू करणे हा ओबडधोबड मार्ग; तो चालतो, पण चालू यंत्राची वीज चुकून तोडली गेली तर डिस्कवरील मजकुराला धोका पोहोचतो. इंटेलने २००६ पासून 'व्हीप्रो' यंत्रांत दिलेली 'एएमटी' ही सोय मदरबोर्डवरील वेगळ्या प्रोसेसरद्वारे यंत्र चालू-बंद करू देते, पडदाही दाखवते आणि ओळखही तपासते. तथापि मे २०१७ मध्ये तिच्यातील असा दोष उघड झाला की कोरा प्रतिसाद पाठवूनही आत शिरता येत होते, आणि तो दोष त्याआधी कित्येक वर्षे तेथे होता. अधिक सामर्थ्यवान दार अधिक काळजीने राखावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

यंत्र जागे झाले म्हणजे काम झाले असेही नव्हे. डिस्क सांकेतिक असेल आणि सुरू होताना पिन मागत असेल, तर जागा झालेला संगणक त्या प्रश्नापाशी थांबून राहतो. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून येणारी 'रिमोट डेस्कटॉप' जोडणी स्वीकारण्याची सोय नसते, म्हणून तेथे दुसरी प्रणाली आधी बसवावी लागते. आणि काम संपल्यावर यंत्र पुन्हा झोपवले नाही, तर वाचवायची वीज पुन्हा खर्चीच पडते.

म्हणून ज्यांना प्रवासात घरच्या संगणकाची गरज लागणार आहे, त्यांनी निघण्यापूर्वी निदान आठवडाभर आधी तीन चाचण्या अवश्य कराव्यात. संगणक रात्रभर झोपवून सकाळी, फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून, त्याला उठवून पाहावे. बोर्डावरचे बटण बंद करून पुन्हा चालू केल्यावर तो उठतो का, हे तपासावे. आणि राउटर एकदा बंद-चालू करून बोगदा आपोआप परत जुळतो का, हे पाहावे. तिन्ही चाचण्या पार पडल्या, की बोर्डावरच्या त्या बटणावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवावी आणि घरच्यांना तिचे कारण सांगून ठेवावे.